सैन्यही आपलेच, फुप्फुसही आपलेच

अतिदक्षता विभागात शेजारशेजारच्या खाटांवर तीन रुग्ण आहेत, असे समजा. पहिला भातलावणीच्या दिवसांत आठवडाभर ताप अंगावर काढलेला शेतकरी. त्याला लेप्टोस्पायरोसिस झाला आहे. दुसरी बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरलेली तरुणी. तिसरा दारूमुळे स्वादुपिंडाला सूज आलेला रिक्षाचालक. तिघांचे आजार वेगळे, वये वेगळी, औषधेही वेगळी. पण चौथ्या दिवशी तिघांच्या छातीचे एक्स-रे एकाशेजारी एक लावले, तर कोणता कोणाचा हे सांगणे कठीण जाईल. हवेने भरलेली असल्यामुळे जी फुप्फुसे फिल्मवर काळी दिसायला हवीत, ती दोन्ही बाजूंना पांढुरकी झालेली असतात. तिघांनाही धाप लागलेली असते आणि मास्कमधून भरपूर ऑक्सिजन देऊनही रक्तातले त्याचे प्रमाण वर चढत नसते.

अशा वेळी नातेवाईक विचारतात, “पोटाचं दुखणं होतं ना डॉक्टर, मग हे छातीत कुठून आलं?” प्रश्न अगदी रास्त आहे. स्वादुपिंडाच्या रुग्णाच्या फुप्फुसात बहुतेकदा एकही जंतू सापडत नाही. त्याच्या छातीला मार लागलेला नसतो, हृदयही ठीक असते. तरीही फुप्फुसात पाणी भरते. हे पाणी कोण सोडते, याचे उत्तर वैद्यकशास्त्राला गेल्या पन्नासेक वर्षांत हळूहळू सापडत गेले. ते थोडक्यात असे, की फुप्फुसावर हल्ला करणारे सैन्य बाहेरचे नसते. ते रुग्णाच्या स्वतःच्या शरीराचेच असते, आणि त्या सैन्याला हुकूम देणाऱ्या रेणूंना ‘सायटोकाईन’ म्हणतात.

बारा रुग्णांची नोंद

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या डेव्हिड अ‍ॅशबॉ, थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा रुग्णांची हकिगत लिहिली. कोणी अपघातात जखमी झालेला होता, कोणाला विषाणूचा न्यूमोनिया होता, तर कोणाच्या स्वादुपिंडाला सूज होती. कारणे इतकी वेगळी असूनही सर्वांची धाप, एक्स-रे आणि फुप्फुसांचा ताठरपणा सारखाच होता. मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसात वायुकोशांच्या आतून एक चकचकीत, काचेसारखा पापुद्रा चढलेला दिसला. असा पापुद्रा तोवर प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये पाहिला जात असे. त्याच सुमारास व्हिएतनामच्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांमध्येही डॉक्टरांना हाच प्रकार दिसत होता. जखम मांडीला आणि बिघाड फुप्फुसात, असे त्याचे स्वरूप होते.

या अवस्थेला पुढे ‘एआरडीएस’ म्हणजे तीव्र श्वसनबाधा असे नाव मिळाले. त्यातल्या सौम्य प्रकाराला बरीच वर्षे ‘अ‍ॅक्यूट लंग इन्ज्युरी’ म्हणजे फुप्फुसाची तीव्र इजा म्हणत. २०१२ साली बर्लिनमध्ये ठरलेल्या व्याख्येने ते वेगळे नाव काढून टाकले आणि एकाच आजाराचे सौम्य, मध्यम आणि गंभीर असे तीन टप्पे केले. हा आजार दुर्मीळ नाही. ५० देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दाखल झालेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला एआरडीएस असल्याचे आढळले. गंभीर टप्प्यातल्या रुग्णांपैकी ४६ टक्के रुग्णालयातच दगावले. आणखी एक गोष्ट त्या पाहणीतून पुढे आली. दर दहांपैकी चार रुग्णांमध्ये हा आजार उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षातच आला नव्हता.

साडेसातशे चौरस फुटांचा पडदा

हे सगळे फुप्फुसातच का घडते, हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या फ्लॅटएवढी जागा व्यापतील. एवढ्या मोठ्या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त असते. मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. इतका पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन क्षणार्धात पलीकडे जातो.

पण या सोयीची किंमत आहे. शरीरातल्या इतर अवयवांना एकूण रक्ताचा आपापला वाटा मिळतो. फुप्फुसातून मात्र सगळेच रक्त जाते, मिनिटाला सुमारे पाच लिटर. पोटात, गर्भाशयात किंवा मोडलेल्या मांडीत जे काही रसायन रक्तात मिसळेल, ते हृदयातून बाहेर पडताच आधी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात येते. वरून हवेची बाजूही उघडीच असते. विषाणू, धूर, ओकारीतून श्वासनलिकेत गेलेले अन्न, बुडताना आत गेलेले पाणी या सगळ्यांचा पहिला मार तिथेच बसतो. त्यामुळे रोगाचे मूळ कुठेही असले तरी नुकसान फुप्फुसात दिसते.

निरोप कोण देते, काय देते

वायुकोशांत पहाऱ्यावर असलेल्या काही पेशी असतात. त्यांना ‘मॅक्रोफेज’ म्हणजे भक्षक पेशी म्हणतात. एरवी त्या धूळ, मृत पेशी, चुकार जंतू गिळून साफसफाई करत असतात. जंतूच्या अंगावरचा एखादा ओळखीचा रेणू दिसला, किंवा आपल्याच फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर पडलेला आढळला, की त्या सावध होतात आणि प्रथिनांचे लहान लहान रेणू सोडतात. हेच सायटोकाईन. रोग मारण्याची ताकद त्यांच्यात स्वतःत नसते. त्यांचे काम फक्त निरोप पोचवणे.

पहिले निरोप दोन जण देतात, ‘टीएनएफ’ आणि ‘इंटरल्युकिन-१’. इजा झाल्यापासून तास-दोन तासांत ते तयार होतात. त्यांच्यामुळे केशवाहिन्यांच्या आतले अस्तर चिकट होते आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल पडतात. मग ‘इंटरल्युकिन-८’ येते. हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना वाट दाखवते. न्यूट्रोफिल हे शरीराचे पायदळ आहे. ते चिकट झालेल्या भिंतीला धरतात, सैल सांध्यातून वाट काढतात आणि वायुकोशात उतरतात. ‘इंटरल्युकिन-६’ रक्तातून यकृताकडे जाते आणि त्याला सीआरपीसारखी प्रथिने तयार करायला सांगते. मेंदूपर्यंत पोचून तापही चढवते. रक्ततपासणीत सीआरपी वाढलेले दिसते, त्याच्या मागे मुख्यतः हे सहा नंबरचे इंटरल्युकिन असते. १९८६ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठातले तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने त्याचे जनुक शोधून काढले.

या गर्दीत ‘आता पुरे’ असे सांगणारेही असतात. इंटरल्युकिन-१० त्यांपैकी प्रमुख. साध्या न्यूमोनियात जंतू आटोक्यात आले की यांचा आवाज वर चढतो, न्यूट्रोफिल आपोआप मरतात, भक्षक पेशी त्यांना उचलून नेतात आणि फुप्फुस पूर्ववत होते. म्हणूनच दाह म्हणजे रोग नव्हे, तो बरे होण्याच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे. ज्याचे सायटोकाईन कामच करत नाहीत, असा माणूस साध्या संसर्गानेही मरेल.

एआरडीएसमध्ये हा तोल जातो. न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू विरघळवणारी विकरे आणि जहाल ऑक्सिजन रेणू भरलेले असतात. शत्रू आणि घर यांतला फरक त्यांना कळत नाही. ती रसायने बाहेर पडली की वायुकोशाच्या भिंतीतल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा धोक्याचा इशारा देतात, त्यातून आणखी सायटोकाईन सुटतात आणि आणखी न्यूट्रोफिल येतात. पडद्याला भोके पडतात आणि रक्तातले प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात झिरपते. वायुकोश फुगलेले ठेवणारा ‘सरफॅक्टंट’ नावाचा साबणासारखा थर त्या पाण्याने निकामी होतो, आणि ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे वायुकोश मिटून चिकटतात. रक्त तिथून जाते, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी आकडा का चढत नाही, याचे कारण हेच.

निरोप तोडून पाहिला, तेव्हा

सायटोकाईनचे हे चित्र १९८०च्या दशकात स्पष्ट होऊ लागले तेव्हा उपाय अगदी सोपा वाटला. निरोप्यालाच अडवायचे, की झाले. १९९०च्या दशकात रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या हजारो रुग्णांवर टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ रोखणारी औषधे वापरून पाहिली गेली. प्राण्यांमध्ये ती चांगली चालली होती. माणसांमध्ये एकही औषध टिकले नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या १४१ रुग्णांच्या एका चाचणीत तर टीएनएफ शोषून घेणाऱ्या औषधाने उलटेच घडले. नकली औषध मिळालेल्या गटात ३० टक्के रुग्ण दगावले, तर खऱ्या औषधाची सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्या गटात ५३ टक्के.

तेच औषध आज संधिवाताच्या रुग्णांना दिले जाते आणि हजारो लोक त्यामुळे हिंडतेफिरते आहेत. मग फुप्फुसाच्या बाबतीत काय चुकले? एक तर संधिवातात जंतू नसतो, इथे असतो. टीएनएफ बंद केले की जंतूंना मोकळे रान मिळते. ही औषधे सुरू करण्याआधी रुग्णाला सुप्त क्षयरोग नाही ना, हे तपासावे लागते ते याचसाठी. क्षयाच्या जंतूंभोवती शरीराने घातलेला वेढा टीएनएफच्याच जोरावर टिकून असतो. दुसरे कारण वेळेचे. रुग्ण अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत टीएनएफचा पहिला निरोप देऊन झालेला असतो. आणि तिसरे म्हणजे एक निरोप्या अडवला तर तोच निरोप दुसरा घेऊन जातो. निसर्गाने या यंत्रणेत एकाच दोरीवर भिस्त ठेवलेली नाही.

स्टेरॉईडची कथाही अशीच वळणावळणाची आहे. १९८७ साली एआरडीएसमध्ये मोठ्या मात्रेत स्टेरॉईड देऊन पाहिले, पण फायदा झाला नाही. २००६ साली एका अमेरिकी चाचणीत दिसले, की आजार सुरू होऊन दोन आठवडे उलटल्यावर स्टेरॉईड सुरू केले तर मृत्यूचे प्रमाण वाढते. २०२० साली स्पेनमधल्या २७७ रुग्णांच्या चाचणीत मात्र लवकर सुरू केलेल्या डेक्सामेथासोनने ६० दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. औषधांचा वर्ग एकच, पण मात्रा, वेळ आणि रुग्ण बदलले की निकालही बदलतो.

श्वास देणारे यंत्रच जेव्हा इजा करते

औषधांनी हात टेकले असताना मोठे यश मिळाले ते अगदी वेगळ्या दिशेने. व्हेंटिलेटर सुरुवातीपासून जीव वाचवणारे यंत्र मानले गेले, आणि ते तसे आहेच. पण एआरडीएसच्या फुप्फुसात पाण्याने भरलेला भाग बंद असतो आणि हवा शिल्लक राहिलेल्या लहानशा भागातच शिरते. तिथे प्रत्येक श्वासाला वायुकोश ताणले जातात. टोरंटोतले आर्थर स्लट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली उंदरांच्या फुप्फुसांवर प्रयोग करून दाखवले, की नुसते जास्त ताणले तरी फुप्फुसातून सायटोकाईन सुटतात, जंतू नसतानाही. पुढे माणसांमध्येही तेच दिसले. हे सायटोकाईन रक्तात उतरून मूत्रपिंड, यकृत अशा दूरच्या अवयवांना त्रास देतात. एआरडीएसचे पुष्कळ रुग्ण ऑक्सिजन कमी पडून मरत नाहीत. एकामागून एक अवयव बंद पडत गेल्याने ते दगावतात. त्यामागचे एक कारण हे असावे.

२००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीने अतिदक्षता विभागाची पद्धतच बदलली. एका गटाला पूर्वापार पद्धतीने दर किलो वजनामागे १२ मिलिलिटरचा श्वास दिला, तर दुसऱ्याला ६ मिलिलिटरचा. लहान श्वासाने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासाच्या गटात रक्तातले इंटरल्युकिन-६ही अधिक झपाट्याने उतरले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. असलेल्याच यंत्राची मात्रा कमी केली, एवढेच.

यात एक बारीक मुद्दा आहे. हे वजन रुग्णाचे प्रत्यक्ष वजन नसते. ते उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन असते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन सुमारे ५७ किलो भरते, म्हणजे त्याचा श्वास सुमारे ३४० मिलिलिटरचा हवा. तोच माणूस प्रत्यक्षात ९० किलोचा असेल आणि तेच वजन हिशेबात धरले गेले, तर प्रत्येक श्वास ५४० मिलिलिटरचा होईल. मिनिटाला २० या हिशेबाने दिवसाला जवळपास २९ हजार श्वास होतात. प्रत्येक श्वासात फुप्फुस दीडपटीहून जास्त ताणले जाते. म्हणून अतिदक्षता विभागात वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक मोलाची ठरते. बुटक्या बांध्याच्या स्त्रियांच्या बाबतीत ही चूक व्हायची शक्यता सर्वांत जास्त असते.

दुसरा उपाय याहूनही साधा आहे, रुग्णाला पालथे झोपवणे. उताणे झोपल्यावर पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि पोटाच्या भाराने दबतो. पालथे केले की तो मोकळा होतो, हवा सगळीकडे सारखी वाटली जाते आणि ताण एका जागी पडत नाही. २०१३ साली प्रामुख्याने फ्रान्समध्ये झालेल्या ४६६ रुग्णांच्या चाचणीत गंभीर रुग्णांना एका वेळी किमान सोळा तास पालथे ठेवले गेले. महिनाभरातल्या मृत्यूंचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. यासाठी लागतात ती चार-पाच माणसे, उशा, नळ्या सांभाळणारा एक जण आणि सराव.

कोविडने काय शिकवले

‘सायटोकाईन स्टॉर्म’ हा शब्द घराघरांत पोचला तो २०२० साली. वैद्यकीय लिखाणात तो १९९०च्या दशकापासूनच होता. कर्करोगाच्या पेशी-उपचारात या वादळाचा एक ठळक अनुभव २०१२ साली आला होता. फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगासाठी सुधारित प्रतिकारपेशी दिलेली सहा वर्षांची एक मुलगी तीव्र तापाने आणि श्वसनबाधेने अत्यवस्थ झाली. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढलेले आढळले. त्याला रोखणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध दिल्यावर ती वेगाने सुधारली आणि पुढे बरी झाली. त्यामुळे कोविडमध्येही याच औषधाकडे सगळ्यांची नजर गेली.

प्रत्यक्षात कोविडच्या रुग्णांमधले इंटरल्युकिन-६ मोजले, तेव्हा ते अशा पेशी-उपचारातल्या वादळापेक्षाच नव्हे, तर इतर कारणांनी झालेल्या एआरडीएसपेक्षाही सरासरीने बरेच कमी भरले. म्हणजे ‘वादळ’ हा शब्द जितका कानावर पडला, तितका तो प्रत्येक रुग्णाला लागू नव्हता.

खरे उत्तर दिले ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या चाचणीने. जून २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ टक्क्यांवर. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी १८ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १४ टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नव्हता हे नक्की. पहिल्या दिवसांत शरीराला विषाणूशी लढायचे असते आणि तेव्हा सायटोकाईन आपल्या बाजूने असतात. नंतर विषाणू ओसरतो आणि दाह उरतो. गोळी तीच, पण ती कधी घेतली यावर सगळे ठरते.

टोसिलिझुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. २०२१ साली ‘रिकव्हरी’नेच ४,११६ रुग्णांवर दाखवले, की ऑक्सिजन लागणाऱ्या आणि सीआरपी बरेच वाढलेल्या रुग्णांत त्याने मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, तेही बहुतेकांना स्टेरॉईड चालू असताना. म्हणजे शंभरात चार जीव. हा फायदा खरा आहे, पण तो चमत्कार नव्हे. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात या चाळीस हजारांच्या घरातल्या इंजेक्शनसाठी लोकांनी दागिने मोडले, या गावाहून त्या गावाला रात्री फिरले. त्याच वेळी काही रुपयांत मिळणारी डेक्सामेथासोनची गोळी गल्लीतल्या दुकानातून चिठ्ठीविना विकली जात होती, आणि ऑक्सिजन उत्तम असलेले लोक ती तिसऱ्या दिवसापासून घेत होते. अनियंत्रित मधुमेह आणि त्यावर स्टेरॉईड या जोडीने काळ्या बुरशीला कशी वाट करून दिली, हे त्यानंतरच्या महिन्यांत राज्याने पाहिले. डोळे आणि जबडे गमावलेली माणसे आजही आपल्यात आहेत. दाह दाबण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

एक नाव, दोन आजार

इतकी औषधे का फसली, याचा एक धागा २०१४ सालापासून हाती लागला आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जुन्या मोठ्या चाचण्यांमधली माहिती पुन्हा तपासली. रक्तातले इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफचे ग्राहक रेणू आणि इतर मोजमापे एकत्र मांडल्यावर रुग्णांचे दोन गट आपोआप वेगळे झाले. साधारण तीस टक्के रुग्णांत दाह अतितीव्र होता. ते शॉकमध्ये अधिक जात आणि अधिक दगावत. उरलेल्यांत दाह बेताचा होता. व्हेंटिलेटरच्या दाबाची एकच पद्धत या दोन गटांवर वेगवेगळा परिणाम करते, असेही दिसले. दोघांना एकाच चाचणीत एकच औषध दिले, तर एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडून जाणार. कुठला रुग्ण कोणत्या गटातला, हे खाटेशेजारीच झटपट सांगणारी चाचणी रोजच्या वापरात आली, तर सायटोकाईनवरच्या औषधांना पुन्हा संधी मिळेल. तोवर केवळ इंटरल्युकिन-६च्या एका आकड्यावरून उपचार ठरवणे योग्य नाही. खासगी प्रयोगशाळेतला तो महागडा अहवाल हातात घेऊन घाबरण्याचेही कारण नाही.

आपल्याकडचा पावसाळा

आपल्याकडे एआरडीएसकडे नेणाऱ्या कारणांची यादी पाश्चात्त्य पुस्तकांहून थोडी वेगळी आहे. न्यूमोनिया आणि सेप्सिस तर आहेतच. त्यांच्या जोडीला मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, स्क्रब टायफस आणि स्वाईन फ्लू. यांतले बरेचसे आजार पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत वाढतात. मलेरियाच्या रुग्णाला तर ताप उतरल्यावर, रक्तातले जंतू नाहीसे होत असताना धाप लागू शकते. ‘ताप गेला, म्हणजे बरं वाटायला लागलं’ असे समजून घरी नेलेला रुग्ण दुसऱ्या रात्री परत आणावा लागतो, तो यामुळेच.

चांगली गोष्ट अशी, की यांपैकी बहुतेकांवर साधी आणि स्वस्त औषधे आहेत. लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन, मलेरियासाठी आर्टेसुनेट, स्क्रब टायफससाठी पुन्हा डॉक्सिसायक्लिनच. मूळ आग लवकर विझली, तर सायटोकाईनचा गोंधळ सुरू होण्याआधीच थांबतो. एआरडीएसवरचा सर्वांत प्रभावी उपाय अतिदक्षता विभागाच्या बाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, तो असा.

निदानाची अटही आता सैल झाली आहे. बर्लिनच्या व्याख्येला रक्तवायूंची तपासणी आणि व्हेंटिलेटरसारखे दाब देणारे साधन लागे. २०१६ साली रवांडाच्या किगाली शहरातल्या अभ्यासात बोटावरच्या ऑक्सिमीटरने आणि सोनोग्राफीने काम भागवता येते, हे दाखवले गेले. अलीकडच्या जागतिक व्याख्येने ऑक्सिमीटरच्या आकड्यालाही मान्यता दिली आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांना त्यामुळे हा आजार वेळेत ओळखून रुग्ण पुढे पाठवता येईल.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचे? विश्रांती घेत असताना मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त होत असतील, ऑक्सिमीटरचा आकडा ९४च्या खाली जात असेल, एक वाक्य पुरे करताना दम लागत असेल, ओठ निळसर होत असतील किंवा रुग्ण असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. तापात स्टेरॉईडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. ती तापाचा आकडा खाली आणते आणि खरा धोका झाकून टाकते. रुग्णाला मधुमेह असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर ते आपणहून सांगावे. रुग्ण व्हेंटिलेटरवर जाणार असेल, तर त्याची उंची किती हेही सांगावे.

यातून वाचलेल्यांची पुढची वाट लांब असते. टोरंटोतल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला आणि तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांची फुप्फुसे सहा महिन्यांत आश्चर्य वाटावे इतकी सुधारली होती. पण वर्षानंतरही स्नायूंचा अशक्तपणा गेला नव्हता आणि जेमतेम निम्मे लोक कामावर परतले होते. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन १८ टक्क्यांनी घटलेले होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हा उठत का नाही?’ असे घरातल्यांना वाटते. तो आळस नसतो. दाहाने स्नायूही खाल्लेले असतात. पुरेशी प्रथिने असलेला आहार, रोज थोडे थोडे वाढवत नेलेले चालणे, फिजिओथेरपी आणि वर्षभराचा धीर एवढे औषध त्याला लागते, आणि ते घरीच मिळते.